कापूस विकला त्या दिवशी

आमच्याकडे दिवाळीनंतर घरात माणसांपेक्षा कापूस जास्त असतो. बेला मंडलातलं आमचं गाव, आदिलाबाद जिल्हा, राज्य तेलंगणा. पण पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, आणि घरात बोलायची भाषा मराठीच. वेचणीचा कापूस ओसरीतून आतल्या खोलीत येतो आणि भाव मिळेपर्यंत तिथंच पडून राहतो. झोपायचं त्याच्याच कडेला. अभ्यास त्याच्याच अंगावर टेकून. जानेवारीपर्यंत ढीग माळ्याच्या फळ्यांना लागतो.

या ढिगावर उड्या मारल्या नाहीत असं एकही पोट्टं आमच्या गावात सापडणार नाही. माळ्यावर चढायचं, डोळे मिटायचे, आणि सोडून द्यायचं. कापूस गिळून टाकतो तुम्हाला. नाकात-कानात धागे जातात, आजी शिव्या देते, आपण परत चढतो. मुंबईत आल्यावर मित्रांनी मला पहिल्यांदा वॉटर पार्कला नेलं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही, ते यामुळेच.

ही गोष्ट २०१७ च्या जानेवारीतली, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली. मी तेरा वर्षांचा, धाकटा भाऊ सोनू सहाचा. त्या दिवशी पहाटेच बाबा टेम्पो भरून आदिलाबादच्या मार्केट यार्डात गेले होते. ढीग गुडघ्याएवढा उरला होता. पण वरून, माळ्याच्या अंधारातून पाहिलं तर पांढरं ते पांढरंच दिसतं. किती खोल आहे ते कळत नाही. मला मात्र माहीत होतं. सकाळी गाठोडी बांधायला मीच होतो.

सोनू म्हणाला, "मी आधी."

मी म्हणालो, "जा."

हे एवढंच आहे. यात मी काही मिसळलेलं नाही आणि काही वगळलेलंही नाही. मी त्याला ढकललं नाही, पण थांबवलंही नाही.

त्या खोलीच्या जमिनीत आजीच्या सासूच्या काळचं दगडी उखळ पुरलेलं होतं. वर्षातले सहा महिने ते कापसाखाली असायचं, म्हणून कुणाच्या लक्षातच नसायचं. सोनूचं डोकं डाव्या कानाच्या वर, कानशिलाच्या बाजूला, उखळाच्या काठावर बसलं. आवाज मोठा झाला नाही. नारळ फरशीवर ठेवताना होतो तेवढाच. तो काही क्षण डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं नाटक करतोय. मग त्याने डोळे उघडले, रडला, आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"कायले रडते? काही नाही झालं. घरी सांगितलंस तर दोघांनाही मार बसंल."

आईची शप्पथ घातली. माझी नवी पतंग त्याला दिली. कानाच्या वर टेंगूळ येत होतं, म्हणून त्याला कानटोपी घातली. आमचा जिल्हा तेलंगणातला सगळ्यात थंड. जानेवारीत दुपारी साडेतीनला कानटोपी घातलेलं पोरगं पाहून कुणाला काही वाटत नाही. आणि सोनू खरंच बरा झाला. उठला, पाणी प्याला, अंगणात तासभर पतंग उडवली, माझ्यापेक्षा चांगली उडवली. मी सुटलो असं मला वाटलं.

पाच वाजता तो डोकं दुखतं म्हणून आडवा झाला. साडेपाचला उलटी. आजीने तीळ-गुळाच्या डब्याकडे बोट दाखवलं: कच्चा पाक खाल्ला असेल. सहाला दुसरी उलटी. आईने त्याला चौकातल्या दवाखान्यात नेलं, मी मागे मागे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, काय खाल्लं विचारलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. पडला का, असं त्यांनी विचारलं नाही. कानटोपी काढून डोक्यावरून हात फिरवला नाही. मी समोर उभा होतो, आणि बोललो नाही. त्यांना दोष द्यायला मला पुष्कळ वर्षं सोपं गेलं. पण त्यांच्या टेबलावर जी माहिती नव्हती ती माझ्या तोंडात होती.

आठ वाजता तिसरी उलटी झाली ती झोपेतच. आई हाका मारत होती, तो डोळे अर्धे उघडायचा, भलतंच काही पुटपुटायचा, परत मिटायचा. आजी त्याच्या उशाशी बसली होती. तिने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे लेकरू आपलं वाटून नाही राहिलं मले." शेजारच्या काकांनी १०८ लावला.

इथे जरा थांबून सांगतो, कारण मुंबईच्या मित्रांना वाटतं की तिकडे काहीच नसेल. १०८ ची गाडी आमच्याकडे महाराष्ट्राच्या कितीतरी आधी आली. हैदराबादला ही सेवा १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झाली, तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. महाराष्ट्रात १०८ धावू लागली ती २०१४ मध्ये. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मुख्यमंत्र्याचं नाव आठवत नाही, पण 'एकशे आठ' आठवतं. ड्रायव्हरला सगळे 'पायलट' म्हणतात. गाडीत मागे एक तंत्रज्ञ असतो, तो डॉक्टर नसतो. पण त्या रात्री आमच्या घरात शिरलेल्या सगळ्या माणसांत डोकं शांत असलेला तो एकटाच होता.

तो तेलुगू होता, पंचविशीचा असेल. आत आला, सोनूजवळ खाली बसला, आणि पहिला प्रश्न विचारला:

"किंद पड्डाडा?"

तेलुगू न येणाऱ्यांसाठी सांगतो, 'खाली पडला का?' तसं आमच्या आजीलाही फारसं तेलुगू येत नाही, पण हा शब्द समजायला काय लागतं? पडला, पड्डाडु. आई म्हणाली नाही. आजी म्हणाली नाही. शेजारचे काका म्हणाले, उलट्या आहेत साहेब, खाण्यातून झालंय. त्याने कुणाचं ऐकून सोडून दिलं नाही. सोनूची कानटोपी काढली, दोन्ही हातांची बोटं केसांतून फिरवली, डाव्या कानाच्या वर थांबला. मग मान वर करून घरातल्या सगळ्यांकडे बघत बघत माझ्यावर आला. घरातलं दुसरं लहान माणूस मीच होतो. परत विचारलं, यावेळी हळू.

मी मान हलवली.

आईने माझ्याकडे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

त्याने मला झापलं नाही. पटापट विचारलं: किती वाजता? कुठून? किती उंच? उठल्यावर बोलला का? मध्ये बरा होता का? मी सांगत गेलो तसं तो बॉलपेनने आपल्या हातमोज्यावर लिहीत गेला. 'साडेतीन' हा आकडा मला अजून तसाच दिसतो, निळ्या रबरावर. मग त्याने जे जे केलं ते तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. आजी पाणी पाजायला आली तर तिचा हात धरला. शेजारीण हळद-चुना घेऊन आली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरत होतं, ते सगळं बाजूला केलं. मानेचा पट्टा मोठा होत होता, म्हणून आमच्याच दोन चादरींच्या गुंडाळ्या करून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या. आणि घडी केलेला टॉवेल ठेवला तो उशीसारखा डोक्याखाली नाही, खांद्यांखाली. आई म्हणाली, डोकं खाली जातंय त्याचं. तो नुसता 'सरे, अम्मा' म्हणाला.

पुष्कळ वर्षांनी कळलं की लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. सपाट फळीवर झोपवलं तर मागचं डोकं उंच राहतं, मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मोठ्या माणसाला जी फळी सरळ ठेवते तीच पोराला वाकवते. म्हणून टॉवेल खांद्यांखाली. पाणी का नाही, तर शुद्ध नीट नसलेल्याला पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, आणि पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. डोक्याला मार लागतो तो एका क्षणात, तो परतवता येत नाही. पण त्यानंतरच्या तासांत मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, रक्तदाब घसरला, तर दुसरी इजा होते, आणि ती पुष्कळदा टाळता येते. तो तंत्रज्ञ या दुसऱ्या इजेशी भांडत होता. आम्ही अजून पहिलीवरच रडत होतो.

गाडीत चढताना त्याने मला खूण केली. तोडक्या हिंदीत म्हणाला, "तू देखा ना? तू चल." काकांनी विचारलं, पोराला कशाला नेता? तो म्हणाला, वहाँ डॉक्टर पूछेगा तो कौन बताएगा?

आदिलाबाद पस्तीस-चाळीस किलोमीटर. वाटेत तो दर थोड्या वेळाने सोनूला नावाने हाक मारायचा, खांदा चिमटायचा, डोळ्यांत टॉर्च मारायचा, आणि लिहायचा. मला वाटलं, एकदा बघितलं ना, परत परत काय? ते माप काय होतं हे मी कॉलेजात आल्यावर वाचलं. ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये ते मांडलं: डोळे किती उघडतो त्याचे चार गुण, बोलतो कसा त्याचे पाच, हातपाय कसे हलवतो त्याचे सहा. पूर्ण शुद्धीतला माणूस पंधरा, आणि कमीत कमी तीन. शून्य कुणालाच मिळत नाही. बोलता न येणाऱ्या तान्ह्यांसाठी त्याचंच वेगळं रूप आहे. त्यातली खरी गोष्ट म्हणजे एक आकडा फारसं सांगत नाही. आधीच्या आकड्याशेजारी ठेवला की सांगतो. आमच्या घरात सोनू तेरावर होता, आदिलाबादला पोचेपर्यंत बारावर. उतरतोय हे त्या कागदावरून कळलं, तोंडावरून नाही.

दुपारी पतंग उडवणारं पोरगं रात्री असं का होतं, हे समजायला कानशिलाचं हाड माहीत पाहिजे. तिथली कवटी पातळ असते आणि आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी त्या हाडाला चिकटून जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. रक्त कवटी आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या मध्ये साचत जातं. मेंदूला सुरुवातीला काही झालेलंच नसतं, म्हणून माणूस उठतो, बोलतो, खेळतो. ही मधली सावध वेळ. कुणाला अर्धा तास मिळते, कुणाला कित्येक तास. साचलेलं रक्त जागा खात जातं आणि कवटी काही ताणली जात नाही. सोनूला मिळालेली ती वेळ मी पतंग उडवण्यात घालवली.

बाबा यार्डातून थेट दवाखान्यात आले. अंगावर कापसाचे धागे तसेच. दवाखान्याचं नाव देत नाही, त्याची गरज नाही. तिथं स्कॅन झालं, रक्त दिसलं. स्कॅन चालू असतानाच सोनूला झटका आला. नर्सने विचारलं, वजन किती? बाबा म्हणाले, असंल पंचवीस किलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बाबांना सोनूसकट काट्यावर उभं केलं, मग एकट्याला. वजाबाकी आली १६ किलो.

मला हे बाबांच्या तोंडावर दिसलं होतं. दिवसभर ते यार्डात कापसाच्या ओलाव्यावरून भांडत होते. आठ टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव कापतात, बाराच्या वर गेली की सरकारी खरेदीत घेतच नाहीत. तिथं मशीनची सुई खुपसून मोजतात, इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलो-ग्रॅम मोजतात, आणि शेतकरी डोळ्यांत तेल घालून आकडा बघतो. आणि स्वतःच्या लेकराचं वजन नऊ किलोने चुकलं. त्यात बाबांचा काय दोष? कुणालाच ठाऊक नसतं. पण मुलांचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं: झटक्याचं, मेंदूची सूज उतरवायचं, भुलीचं. पंचवीस धरून दिलं असतं तर दीडपटीहून जास्त गेलं असतं. मोठ्यांना एक ठरलेली गोळी असते, मुलांना प्रत्येक वेळी गणित असतं, आणि ते रात्री अकरा वाजता, घाईत, कुणीतरी रडत असताना करायचं असतं. दशांशचिन्ह सरकलं की दहापट. अमेरिकेत डॉ. ब्रोसलो नावाच्या गृहस्थांनी म्हणूनच एक रंगीत पट्टी काढली: मुलाच्या शेजारी अंथरायची, पाय जिथे पोचतात त्या रंगात वजनाचा अंदाज आणि औषधांची मापं लिहिलेली. शिंप्याच्या टेपसारखी वस्तू आहे. हुशार माणसांनी हुशारीवर विसंबायचं नाही असं ठरवलं की अशा वस्तू तयार होतात.

कवटी उघडणारा सर्जन त्या रात्री मिळणं शक्य नव्हतं. हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. काका म्हणाले, हैदराबादला नेऊ, आरोग्यश्रीचं कार्ड नागपुरात कोण विचारणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कार्ड नंतर, तास आधी. आमच्या जिल्ह्याचं हे नेहमीचंच आहे: सरकार एकीकडे, जवळचं मोठं शहर दुसरीकडे. भाषेचा प्रश्न नागपूरला नाही, कागदाचा आहे.

आणि पैशाचा. नोटबंदीला दोन महिने झाले होते. बाबांनी आठवडाभराचा कापूस विकला होता, पण हातात होता तो चेक. एटीएममधून दिवसाला ४,५०० रुपये निघत, तेही मशीनमध्ये असले तर. खासगी रुग्णवाहिकेवाल्याने रोख मागितली. बाबांनी त्याला चेक दाखवला, तो हसला. मग यार्डातले हमाल, बाजूच्या टपरीवाला, आमच्या गावचे दोघं-तिघं असं करून शंभरा-शंभराच्या नोटा गोळा झाल्या. कुणी किती दिले हे बाबांनी वहीत लिहिलंय. वही अजून घरी आहे.

पिंपळखुटी, पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी. मी सोनूच्या पायाशी बसून मोजत होतो. पडल्यापासून अकरा तासांच्या वर झाले होते.

नागपूरच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सगळे प्रश्न. किती वाजता पडला, शुद्ध गेली होती का, किती उलट्या. मी सांगितलं. बाबांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तोवर एका तरुण डॉक्टराने झटक्याच्या औषधाची पहिली मोठी मात्रा भरायला घेतली होती. मी म्हणालो, "ते आदिलाबादला दिलं." तो थांबला. कुठे लिहिलंय? बाबांनी खिशात हात घातला, चेक निघाला. दुसऱ्या खिशातून घामाने ओली झालेली चिठ्ठी निघाली: औषध, मात्रा, वजन १६, वेळ. ती मात्रा तासाभरात... नाही, चार तासांत दुसऱ्यांदा गेली असती तर त्या औषधाने हृदयाची गती आणि रक्तदाब खाली आणला असता. त्या डॉक्टराला मी वाईट म्हणणार नाही. तो बहुधा छत्तीस तास जागा असावा. एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना पेशंट सांभाळून नेला जातो, माहिती खिशात राहते.

पहाटे चारला सोनूला आत नेलं. सर्जन बाहेर आले तेव्हा उजाडलं होतं. म्हणाले, रक्त हळूहळू साचलं म्हणून वाचला, सगळ्यांचं असं होत नाही.

दोन वर्षं त्याला झटक्याच्या गोळ्या होत्या. उजव्या हाताची पकड बराच काळ सैल राहिली. आता तो डावखुरी बोलिंग टाकतो आणि म्हणतो मी आधीपासूनच डावरा होतो. गणितात तो मागे आहे. उखळामुळे की आमच्या घराण्यामुळे, सांगता येत नाही.

मुंबईला आल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात मला अतुल गवांदे यांची पुस्तकं सापडली. बोस्टनचे सर्जन म्हणून नाव ऐकलं होतं. ते मूळचे आमच्याच बाजूचे हे माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांचं गाव उटी, उमरखेडकडचं. म्हणजे आमच्या पैनगंगेच्याच वरच्या अंगाला. उमरखेडला त्यांच्या आजी-आजोबांच्या नावाचं, गोपिकाबाई सीताराम गवांदे महाविद्यालय आहे. आजोबा शेतकरी, जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. आणि गेले कसे? कोर्टाच्या कामाला निघाले होते, बसमधून उतरताना बस हलली, पडले, डोक्याला लागलं. घरी आणलं, दोन-तीन दिवसांत विझत गेले. नातवाने लिहिलंय की बहुधा कवटीच्या आत रक्तस्राव झाला असावा. हे वाचताना मी ग्रंथालयात बसून होतो आणि मला आमच्या खोलीतल्या कापसाचा वास आला.

याच नातवाच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधीची यादी तयार झाली, १९ कलमांची. पेशंट तोच आहे का, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, कसली अॅलर्जी, असले साधे प्रश्न, मोठ्याने विचारायचे. २००९ च्या जानेवारीत जगातल्या आठ रुग्णालयांचा निकाल छापून आला, त्यात दिल्लीचंही एक होतं: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. शाळेत बाई हजेरी घेतात तसं. मला 'किंद पड्डाडा?' आठवलं. त्या तंत्रज्ञालाही हा प्रश्न बहुतेक कुणीतरी पाठ करून घेतला असणार: उलटी आहे, झोप येतेय, तर घरचे काहीही सांगोत, पडला का विचार आणि डोक्यावरून हात फिरव.

आपल्या मंडळात मी हे एकदा बोललो, तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, म्हणजे प्रत्येक पडलेल्या पोराचं स्कॅन करायचं का? तिची भाची पलंगावरून पडली होती. नाही, उलट. स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो आणि वाढत्या मुलांना तो उगीच द्यायचा नसतो. २००९ सालीच उत्तर अमेरिकेतल्या बेचाळीस हजारांहून जास्त मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, तो कुणाचं स्कॅन टाळता येईल हे शोधायलाच. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी त्यांनी बघितलं: वागणं बदललंय का, शुद्ध गेली होती का, उलट्या, जोरात डोकेदुखी, कवटीच्या तळाशी तडा गेल्याची खूण, आणि पाच फुटांपेक्षा उंचावरून पडणं. आमचा माळा नऊ फूट. दोन वर्षांखालच्यांच्या यादीत तर एक कलम असं आहे की आईबापांना लेकरू नेहमीसारखं वाटत नाही. आजीचं वाक्य! मोठ्या संशोधकांनी ते यादीत घेतलंय हे मी तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, मग त्याच्यात शिकण्यासारखं काय आहे?

आणखी एक, विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे अजून पोराला बाइकच्या टाकीवर पुढे बसवतात. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, २०१९ च्या दुरुस्तीपासून. बेल्याच्या बाजारात मला लहान मुलाचं हेल्मेट एकदाही दिसलेलं नाही. चांदीचे वाळे मिळतात.

बाबांनी त्या उन्हाळ्यात उखळ खणून काढलं. आता ते अंगणात आहे, पाखरं पाणी पितात त्यात. मला कुणी मारलं नाही. मी वाट पाहत होतो, बरेच महिने. एकदा बाबांनी एवढंच विचारलं, "भेव वाटलं का तुला?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "माहं भेव वाटलं?" याला मी काय उत्तर देणार होतो. ते उठून बैलांकडे गेले.

मागच्या आठवड्यात सोनूचा फोन आला. शेजारच्यांचा आठ वर्षांचा मुलगा बैलगाडीच्या साट्यावरून मागे पडला. पोरांनी त्याला उठवलं, कपडे झटकले, कुणी सांगायचं नाही असं ठरलं. सोनूने जाऊन त्याच्या आईला सांगितलं, किती वाजता पडला तेही सांगितलं. तिने पोराला दवाखान्यात नेलं. तिथं तपासून दोन-तीन तास बसवून ठेवलं, मग काही नाही म्हणून घरी पाठवलं. घरी आल्यावर गाडीवर चढल्याबद्दल त्याला मार बसला.

चार दिवस झाले, तो पोट्टा सोनूशी बोलत नाही.